चाकांची भूमिति



शाळेंत भूमिति शिकवितांना एक प्रश्न मला दरवर्षीं ऐकावा लागे. "गुरुजी, हे कोन मोजून पुढें उपयोग काय?" या प्रश्नाचीं उत्तरें अनेक आहेत. त्यांतलें एक आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे, आणि तें जरा अनपेक्षित ठिकाणाहून, म्हणजे मोटारींच्या शर्यतीच्या मार्गावरून, आणलेलें आहे.

मोटारीची उंची कमी करून तिला जमिनीलगत बसविण्याची हौस हल्लीं तरुण मंडळींत पुष्कळ दिसते. आंखूड स्प्रिंगा घालून गाडी दोन-तीन बोटें खालीं आणली, कीं ती ऐटदार दिसूं लागते, आणि वळणावर ती रस्त्याला अधिक चिकटून जाईल अशी मालकाची समजूत होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागांत टायरांचा नाश, पैशाचा अपव्यय आणि प्रसंगीं जिवाचा धोकाहि दडलेला आहे. तो कसा, आणि तो टाळण्यासाठीं चाकांचे कोन पुन्हां कसे जुळवावे लागतात, हें सांगण्याचा आजचा हेतु आहे.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष गाडी डोळ्यांसमोर ठेवूं. जपानांतील हिरोशिमा येथील माझदा कंपनीनें १९८९ सालीं एमएक्स-५ नांवाची दोन आसनांची, कापडी छपराची एक लहान मोटार पुढें आणली. तिच्या स्वदेशांत तिला रोडस्टर म्हणतात. पहिल्या पिढीच्या या गाडीचें वजन साडेनऊशें किलोंच्या आसपास, पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर २२६५ मिलिमीटर, इंजिन पुढें आणि ओढ मागच्या चाकांना, अशी तिची रचना आहे. ती घडवितांना जपानी यंत्रज्ञांनीं 'जिन्बा इत्ताई' हें सूत्र धरलें होतें. घोडा आणि स्वार एकरूप होणें, असा त्याचा अर्थ. लोकांना ती इतकी आवडली कीं, २०१६ च्या एप्रिल महिन्यांत या मालिकेंतील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. जपानच्या इबाराकी प्रांतांत १९७० पासून त्सुकुबा नांवाचा सुमारें दोन किलोमीटर लांबीचा वळणावळणांचा शर्यतीचा मार्ग आहे. अशा मार्गावर पैसे भरून आपली स्वतःची मोटार वेगानें चालविण्याची सोय असते. कित्येक हौशी लोक ज्या गाडींतून येतात तीच दिवसभर तेथें पळवितात, आणि संध्याकाळीं तिच्यांतूनच घरीं परततात. हा शेवटचा मुद्दा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. मोटार कितीहि मोठी असो, तिचा आणि जमिनीचा संबंध चार ठिकाणींच येतो, आणि त्यांतील प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढें असतें. गाडी वळविणें, थांबविणें, पळविणें हें सर्व या चार तळहातांनीं करावयाचें. गाडी वेगानें वळूं लागली म्हणजे आंतल्या बाजूच्या चाकांवरील भार कमी होतो आणि बाहेरच्या चाकांवर पडतो. किती पडतो, तें त्रैराशिकासारखें सोपें आहे. चालकासह गाडीचें वजन १०५० किलो धरा. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटरांवर आहे असें समजा. डाव्या व उजव्या चाकांतील अंतर सुमारें १४१ सेंटिमीटर आहे. चांगल्या टायरांची गाडी आपल्या वजनाइतका आडवा जोर सहन करूं शकते. तेव्हां १०५० ला ४६ नें गुणावें आणि १४१ नें भागावें. उत्तर येतें सुमारें ३४२ किलो. म्हणजे सरळ जातांना प्रत्येक बाजूस ५२५ किलो होते, ते ऐन वळणांत बाहेरच्या बाजूस ८६७ आणि आंतल्या बाजूस अवघे १८३ राहिले.

टायरचा स्वभाव असा आहे कीं, त्याच्यावरील भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाहीं, त्याहून कमीच वाढते. म्हणून भार जितका समान वांटला जाईल तितकी चारही चाकांची मिळून पकड अधिक. गाडी खालीं बसविण्यामागचें खरें कारण हें आहे. आतां तोच हिशेब गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटर खालीं आणून करा. ४६ च्या जागीं ४३ आले. उत्तर ३२० किलो. लाभ झाला तो २२ किलोंचा, म्हणजे शेंकडा साडेसहाचा. लाभ खरा आहे, परंतु तो केवढा आहे हेंहि आपण पाहिलें. या लहानशा लाभासाठीं गाडीच्या कोनांची घडी विस्कटली, तर व्यवहार आंतबट्ट्याचा होतो.

घडी विस्कटते ती अशी. या गाडीचें प्रत्येक चाक दोन आडव्या दांड्यांनीं सांगाड्याला जोडलेलें असतें. एक दांडा वर, एक खालीं. कोंबडीच्या छातीच्या दुबेळक्या हाडासारखा आकार असल्यामुळें इंग्रजांनीं त्यांना 'विशबोन' असें नांव दिलें. दांड्यांचीं आंतलीं टोंकें दाराच्या बिजागरीप्रमाणें सांगाड्यांत फिरतात, बाहेरचीं टोंकें चाक धरून ठेवतात. वरचा दांडा मुद्दाम आंखूड ठेवलेला असतो. कां, तें घरीं पाहतां येईल. एक लांब व एक आंखूड दोरी घेऊन, प्रत्येकीच्या टोंकाला खडू बांधून, फळ्यावर दोन कंस काढावे. आंखूड दोरीचा कंस लवकर आंत वळतो. त्याचप्रमाणें चाक वर उचललें गेलें, कीं आंखूड दांडा चाकाचें डोकें आंत ओढतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरचें चाक तेवढें वर चढतें, आणि तें गाडीबरोबर बाहेर झुकूं नये म्हणून हा दांडा त्याला आंत खेंचतो. अशी ती योजना आहे.

आतां गाडी ३ सेंटिमीटर खालीं बसविली, याचा अर्थ चारही चाकें गाडीच्या मानानें ३ सेंटिमीटर कायमचीं वर चढलीं. गाडी उभी असतांनाच दांडे तिरपे झाले. यांतून तीन गोष्टी घडतात. पहिली, चाकांची कल आणि त्यांचा रोख हे दोन्ही बदलतात. दुसरी, ज्या बिंदूभोंवतीं गाडीचें शरीर कलतें तो कल्पित बिंदु खालीं सरकतो. ज्या गाड्यांना वर आंखूड दांडा नसून त्याच्या जागीं मॅकफर्सन जातीचा उभा खांब असतो, त्यांत तर तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षांहि लवकर खालीं जातो. परिणामीं या दोहोंमधलें अंतर, म्हणजे गाडीला कलविणाऱ्या तरफेची लांबी, वाढतें. जी गाडी कमी कलावी म्हणून खालीं बसविली, ती तेवढ्याच ताठ स्प्रिंगांवर उलट अधिक कलूं लागते! तिसरी गोष्ट अशी कीं, चाकाला वर जाण्यास उरलेली जागा कमी होते. या जागेच्या शेवटीं रबराचा एक थांबा असतो. ऐन वळणांत चाक त्या थांब्यावर आदळलें, तर त्या टोंकाचें सस्पेन्शन एकाएकीं दगडासारखें ताठ होतें, भार झटक्यानें सरकतो, आणि टायरची पकड सुटते. चालकाला कसलीहि पूर्वसूचना मिळत नाहीं. म्हणून खालीं बसविलेल्या गाडीला आंखूड स्प्रिंगांबरोबर त्या पुरेशा ताठहि लागतात, आणि त्यांना शोभतील असे शॉक-अ‍ॅब्सॉर्बरहि लागतात. मूळच्या स्प्रिंगा कापून काम भागविणें हा शुद्ध अविचार होय. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटूं शकते.

येथपर्यंत रोग सांगितला. आतां उपाय. कारखान्यांत ज्याला व्हील अलाइनमेंट म्हणतात, त्यांत मुख्यतः तीन कोन येतात. त्यांचीं नांवें कॅम्बर, टो आणि कास्टर. नांवें परकीं असलीं तरी गोष्टी ओळखीच्या आहेत.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहतां चाकाची उभी कल. चाकाचें डोकें आंत झुकलें असेल तर तो ऋण कॅम्बर, बाहेर झुकलें असेल तर धन. वळणांत गाडी समजा ३ अंश कलली. दांड्यांच्या रचनेनें त्यांतली थोडी कल भरून निघते, सगळी नाहीं. उरलेल्या कलेमुळें बाहेरचें चाक, ज्यावर आपण आतांच पाहिलें त्याप्रमाणें जवळजवळ सगळा भार आहे, तेंच चाक टायरच्या बाहेरच्या कडेवर उभें राहतें. १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर ३ अंश कलला, तर त्याची एक कड दुसरीपेक्षां १० मिलिमीटर उंच होते. टायर लवचिक असल्यानें ती कड उचलली जात नाहीं, परंतु तिच्यावरचा दाब निघून जातो, आणि तळहाताऐवजीं गाडी दोन बोटांवर येते. म्हणून ही कल चाकाला आधींच उलट दिशेनें देऊन ठेवावयाची. मार्गावर चालविण्याच्या एमएक्स-५ ला पुढें अडीच ते तीन अंश आणि मागें त्याहून सुमारें अर्धा अंश कमी, इतक्या ऋण कॅम्बरपासून आरंभ करण्याची वहिवाट आहे. पुढें अधिक कां? तर चालकानें सुकाणू वळवूनहि गाडी सरळच जाऊं पाहते, या खोडीला आळा बसावा म्हणून. परंतु याची किंमत आहे. सरळ रस्त्यावर गाडी टायरच्या आंतल्या कडेवर चालते, ब्रेक दाबतांना पुरी रुंदी कामीं येत नाहीं, आणि टायर आंतून झिजतात. म्हणून वळणांत जितकी जरूर तितकीच कल द्यावी.

टो म्हणजे वरून पाहतां चाकांचा रोख. आपण सरळ उभे राहून पायांचे अंगठे एकमेकांकडे वळविले तर तो टो-इन, एकमेकांपासून दूर वळविले तर टो-आउट. कोन अगदीं बारीक असतो, पण करामत मोठी करतो. या गाडीच्या १५ इंची टायरचा व्यास ५७६ मिलिमीटर भरतो. चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेंत १ मिलिमीटरचा फरक पडला, तर कोन होतो ६ कला, म्हणजे अंशाचा दहावा भाग. एवढ्यानेंहि तें चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवें घांसलें जातें. गाडी खालीं बसवून अलाइनमेंट न केल्यामुळें एका चाकाचा रोख अर्ध्या अंशानें चुकला असें समजा. मुंबईहून पुण्यापर्यंतच्या दीडशें किलोमीटरांत तें चाक सव्वा किलोमीटरहून अधिक आडवें फरफटलें! नवे टायर थोड्याच महिन्यांत कां झिजले, म्हणून दुकानदाराला दोष देणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां करून पाहावा.

शर्यतीच्या मार्गावर पुढच्या चाकांना शून्य किंवा किंचित् टो-आउट देतात. त्याचें कारण असें. वळतांना आंतलें चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचें मोठ्या वर्तुळावर फिरतें. दोघांचे रोख सारखे असून चालत नाहीं. ही गोष्ट घोडागाड्यांच्या काळींच म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नांवाच्या गाडी बनविणाऱ्यानें १८१७ सालीं ओळखून तशी रचना केली होती, आणि पुढच्या वर्षीं लंडनमध्यें आकरमान यानें तिचें पेटंट घेतलें. थोडा टो-आउट असला, कीं आंतलें चाक वळणाला अगोदरच तयार असतें आणि गाडीचें नाक चटकन् वळतें. मोबदल्यांत ती सरळ रस्त्यावर जरा भटकते, आणि हात सतत जागरूक ठेवावा लागतो. मागच्या चाकांना मात्र टो-आउट कधींहि देऊं नये. तेथें दोन्ही चाकें मिळून १ ते ३ मिलिमीटर टो-इनच हवा. वळणांत जोर पडल्यावर दांड्यांच्या सांध्यांतील रबर दबतें आणि मागचीं चाकें बाहेरच्या रोखास जाऊं पाहतात. पदरीं थोडा टो-इन नसेल, तर गाडीची शेंपटी बाहेर फेंकली जाते आणि गाडी भोंवऱ्यासारखी गरगरते.

याच संबंधांत एका कपटी दोषाचा उल्लेख केला पाहिजे. सुकाणूकडून चाकाकडे जाणारा टाय-रॉड आणि चाकाचे दांडे हे आपापल्या कंसांत फिरतात. मूळ उंचीवर ते कंस एकमेकांशीं जुळतील अशी कारखान्यानें काळजी घेतलेली असते. गाडी फार खालीं आणली म्हणजे ते जुळत नाहींत. मग खड्ड्यावरून जातांना किंवा जोरानें ब्रेक दाबून नाक खालीं गेलें असतां, हातांतलें सुकाणू स्थिर असूनहि चाकें आपल्या मनानें वळतात. उभ्या गाडीवर घेतलेलीं सगळीं मापें बरोबर असलीं तरी हा दोष दिसत नाहीं. तो पाहण्यासाठीं स्प्रिंग काढून, चाक थोडें थोडें वर-खालीं करून, दर टप्प्याला टो मोजावा लागतो. तो जास्त आढळल्यास टाय-रॉडच्या टोंकाची उंची बदलावी, किंवा सरळ गाडी थोडी वर घ्यावी. दुसरा उपाय फुकटचा असूनहि तो फारच थोड्यांना सुचतो!

तिसरा कोन कास्टर. सायकल बाजूनें पाहिली तर पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, त्याचें वरचें टोंक मागें कललेलें असतें. मोटारींतहि पुढचें चाक ज्या अक्षाभोंवतीं वळतें तो असाच मागें कललेला असतो. त्यामुळें चाक आपोआप सरळ येतें. शर्यतवाल्यांना त्याचा आणखी एक फायदा होतो. कास्टर ५ अंश असून सुकाणूनें चाक १० अंश वळविलें, तर बाहेरच्या चाकाला सुमारें पाऊण अंश ऋण कॅम्बर जास्त मिळतो, आणि तोहि केवळ वळणापुरता. सरळ रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागत नाहीं. म्हणून कास्टर भरपूर ठेवावा, मात्र डावा-उजवा सारखा असावा. नसल्यास ज्या बाजूला तो कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

आतां मोजणीची रीति. मोठ्या कारखान्यांत हें काम आज प्रकाशकिरणांच्या यंत्रांवर होतें. परंतु दोरा, पट्टी, ओळंबा आणि पाणसळ एवढ्या साहित्यावरहि तें बिनचूक करतां येतें. प्रथम जमीन पाहावी. डाव्या चाकाखालची फरशी उजव्यापेक्षां १ सेंटिमीटर खालीं असेल, तर कॅम्बरच्या मापांत चार दशांश अंशाची चूक आधींच झाली. हवा चारही टायरांत मार्गावर ठेवावयाची तेवढी भरावी. चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या त्याच्या आसनावर ठेवाव्या, कारण गाडी रिकामी धांवत नसते. प्रत्येक चाकाखालीं दोन गुळगुळीत फरश्या, मध्यें ग्रीस लावून, ठेवाव्या, म्हणजे चाकें अडून न राहतां आपल्या जागीं बसतील. गाडीची उंची सर्वांत आधीं कायम करावी, कारण ती बदलली कीं बाकीचें सर्व बदलतें. मग सुकाणू सरळ बांधून, गाडीच्या दोन्ही बाजूंस चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन दोरे ताणावे. ते एकमेकांना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवेत. पुढच्या व मागच्या चाकांमधील रुंदी थोडी निराळी असते, हें येथें विसरतां कामा नये. दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या कडेचें आणि मागच्या कडेचें अंतर मोजलें, कीं त्या चाकाचा टो निघाला. ओळंबा धरून चाकाच्या वरच्या व खालच्या कडेचें अंतर मोजलें, कीं कॅम्बर निघाला.

एमएक्स-५ ची थोरवी अशी कीं, तिच्या चारही चाकांच्या खालच्या दांड्यांना कारखान्यानेंच विकेंद्र बोल्ट दिलेले आहेत. बोल्टाची तबकडी मध्यावर बसविलेली नसल्यामुळें तो फिरविला कीं दांडा आंत-बाहेर सरकतो. पुढें त्यांनीं कॅम्बर व कास्टर, आणि मागें कॅम्बर व टो जुळवितां येतात. पुढचा टो टाय-रॉडनें जुळवावयाचा. उभ्या खांबाच्या पुष्कळ गाड्यांना कारखान्याकडून फक्त टोचीच सोय असते. त्यांना कॅम्बरसाठीं खांबाच्या माथ्यावर सरकती तबकडी वेगळी बसवावी लागते. क्रम मात्र सर्वत्र एकच. आधीं कास्टर, मग कॅम्बर, शेवटीं टो. कॅम्बर हलविला कीं टो हलतो, म्हणून टो शेवटीं. दर फेरफारानंतर गाडी दोन हात पुढें-मागें लोटून पुन्हां मोजावी. आणखी एक पथ्य. दांड्यांचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असतांना कायमचे आंवळूं नयेत. सांध्यांतील रबर त्या स्थितींत पिळवटून बसतें आणि लवकर फाटतें. गाडीचें वजन चाकांवर असतांना शेवटचा पाना फिरवावा.

ज्या गाडीची उंची प्रत्येक चाकापाशीं निराळी जुळवितां येते, तिच्यांत एक काम वाढतें. चार पायांच्या चौरंगाचा एक पाय आंखूड असला म्हणजे काय होतें, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. मोटारहि तशीच डळमळते, फक्त स्प्रिंगांमुळें डोळ्यांना दिसत नाहीं. चार चाकांखालीं चार वजनकांटे ठेवून, पुढचें डावें व मागचें उजवें यांची बेरीज, दुसऱ्या तिरप्या जोडीच्या बेरजेइतकी करावी. तसें केलें नाहीं, तर एकच गाडी डावीकडे एक प्रकारें आणि उजवीकडे दुसऱ्या प्रकारें वळते.

एवढें सगळें झाल्यावरहि वर सांगितलेले आंकडे म्हणजे केवळ आरंभबिंदु होत. खरा निकाल टायर देतो. गाडी मार्गावर पांच-सहा फेऱ्या पळवून आंत आणावी, आणि लगेच सुईच्या तापमापकानें प्रत्येक टायरचें तापमान तीन ठिकाणीं, आंत, मध्यें व बाहेर, घ्यावें. बाहेरची कड अधिक तापली असेल तर ऋण कॅम्बर कमी पडला. आंतली कड फारच तापली असेल तर तो जास्त झाला. थोडी अधिक तापणें साहजिक आहे, कारण सरळ मार्गावर तीच काम करते. मध्यभाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त भरली आहे. त्सुकुबाच्या मार्गावर गाड्या घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरतात, आणि शेवटचें उजवें वळण लांबलचक आहे. साहजिकच तेथें डावे टायर अधिक राबतात. तेव्हां एका टायराचें माप पाहून निर्णय न करतां चारही पाहावे. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या बदलानें सुधारली हें कळत नाहीं. बिघडली, तर परत कोठें जावें हेंहि कळत नाहीं. यासाठीं एक वही असावी. तींत तारीख, हवामान, हवेचा दाब, चारही चाकांचीं मापें आणि चालकाला काय वाटलें, हें त्याच दिवशीं टिपावें.

शेवटीं, मघाशीं ध्यानांत ठेवावयास सांगितलेला मुद्दा. गाडी संध्याकाळीं घरीं जावयाची आहे. वाटेंत पाऊस असेल, खड्डे असतील, शेजारच्या आसनावर कदाचित् घरचें माणूस असेल. मार्गावर उत्तम ठरलेली मापें या वाटेवर उत्तम असतीलच असें नाहीं. तीन अंश ऋण कॅम्बर आणि पुढें टो-आउट असलेली गाडी पावसांत ब्रेक दाबतांना मागितली तेवढी पकड देत नाहीं, आणि चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर सुकाणू हातांतून ओढून घेते. म्हणून जो एकाच गाडीवर दोन्ही कामें करतो, त्यानें निदान टो तरी घरीं निघण्यापूर्वीं शून्यावर किंवा किंचित् आंत आणावा. टाय-रॉडवर खुणा करून ठेवल्या असतील तर हें थोड्या वेळाचें काम आहे. ज्याला तेंहि नको असेल, त्यानें दीड-दोन अंश कॅम्बरवर समाधान मानावें. फेरीमागें थोडासा वेळ जाईल, तो जाऊं द्यावा.

आपल्याकडेहि आतां चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें, कोइमतूरजवळ आणि दिल्लीजवळच्या ग्रेटर नोइडांत वेगानें गाडी चालविण्याचे बंदिस्त मार्ग झालेले आहेत. महाराष्ट्रांतील हौशी तरुणहि ते पाहून हुरळून जातात. त्यांच्या वडिलांना मी एवढेंच सुचवीन कीं, मुलानें गाडी खालीं बसविण्याचा विषय काढला तर एकदम रागावूं नये, आणि एकदम होकारहि देऊं नये. किती सेंटिमीटर, कोणत्या स्प्रिंगा, चाकाला वर जाण्यास किती जागा उरते, आणि नंतर कॅम्बर, टो, कास्टर किती ठेवणार, हे चार प्रश्न विचारावे. सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडींत फेरफार करण्याला कायद्याच्या मर्यादा आहेत, त्यांचीहि चौकशी करावयास सांगावी. उत्तरें वहींत लिहिलेलीं असतील, तर त्या मुलाच्या हातीं पाना द्यावयास हरकत नाहीं. उत्तरें नसतील, तर स्प्रिंगा विकत घेण्याआधीं त्याला एक कोनमापक आणि एक ओळंबा आणून द्यावा. दोन्ही मिळून फारसा खर्च येत नाहीं.